पिंडीची चार बोटं

मामांच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं आहे, आणि त्याच्या डोक्यावर अजून ते 'प्रचंड' आहे. प्लास्टिकच्या पोकळ पत्र्याचा हातभर लांब तुकडा, उडू नये म्हणून वर दोन दगड. निळा रंग उन्हानं पार उडालाय, पांढरी अक्षरं तेवढी तग धरून आहेत. 'प्रचंड', आणि पुढं 'ब'चं अर्धं पोट. मी आले की कोंबड्या खालनं माना काढून माझ्याकडं बघतात आणि मी त्या अक्षरांकडं बघते. मामी म्हणते, किती वर्षं झाली ह्यांना सांगतेय त्यावर चांगला पत्रा टाका म्हणून, पण ऐकतील तर शपथ.

तो एका विमानाचा डावा पंख आहे. सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं तर कुणाला पटत नाही. मी आता सांगणं सोडून दिलंय.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अंबाजोगाईला, होस्टेलवर. सुट्टी लागली तेव्हा घरी जावं तर घराला कुलूप. साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, आणि आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊस तोडून परत आले ते दोन बैल घेऊन तसेच चकलांब्याकडच्या चारा छावणीत गेले. छावणी जनावरांची असते. माणसं दावणीच्या कडेला ताडपत्री बांधून राहतात, तिथंच भाकरी थापतात आणि आभाळाकडं बघत बसतात. पाऊस पडून बांधावर गवत आलं की घरी यायचं, असं ठरलेलं. तोवर मामाकडं जा, असा निरोप होता. म्हणून मी सिरसाळ्याच्या अलीकडं, मामांच्या गावाला आले, एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत रिमोट घेऊन.

रिमोट टीव्हीचा नव्हे. त्या हिवाळ्यात कॉलेजच्या मैदानावर कुठलंसं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथं इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं थर्माकोलचं विमान उडवून दाखवलं होतं. दहा मिनिटं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला मात्र राग आला होता. हे असं काही असतं आणि मला एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नाही, याचा राग. मी तिच्या मागंच लागले. तिला पुण्याला नोकरी लागली, जाताना तिनं जुना रिमोट मला दिला. अंगठ्यानं हलवायच्या त्याच्या दोन काड्यांतली एक ढिली होती आणि मागचं झाकण दोऱ्यानं बांधलेलं होतं. मोटार, बॅटरी आणि शेपटी हलवायच्या दोन बोटाएवढ्या मोटारी शिष्यवृत्तीतनं आल्या. ती शिष्यवृत्ती पुस्तकांसाठी होती. पुस्तकं मी मैत्रिणीची वाचली.

मामा दूध सोसायटीचे सचिव. सोसायटी म्हणजे पारासमोरची एक खोली, निळं दार, आत फॅट काढायचं यंत्र आणि आंबट दुधाचा वास. हा वास मला अजून कुठं आला की मी क्षणभर थांबते. त्या उन्हाळ्यात गावातली जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेलेली, त्यामुळं दूध येत नव्हतं. ॲल्युमिनियमचे कॅन भिंतीला उपडे घातलेले. तरी मामा सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला दार उघडायचे, यंत्र पुसायचे, बाहेर पायरीवर बसायचे, आणि वेळ झाली की दार लावायचे. मी त्यांना पिशवीतलं सामान दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ मोटारीचा दांडा बोटानं फिरवत बसले. मग म्हणाले, हे इमान सोसायटीतच करू, घरात मामी काही ठेवायची नाही. मामा विमानाला इमान म्हणायचे. गावात सगळेच म्हणायचे.

पहिलं विमान आम्ही लग्नाच्या स्टेजवरच्या थर्माकोलचं केलं. झटकन चिकटणारा डिंक लावला, मोठ्या हौसेनं, आणि सकाळी बघतो तर पंखाला उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं. तो डिंक थर्माकोल खातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी रडायच्या बेताला आले होते. मामांनी कोपऱ्यात रचलेल्या बोर्डांवर टिचकी मारली. कारखान्याच्या निवडणुकीचे बोर्ड होते ते, सनपॅकचे, दोन पातळ पत्र्यांत नळ्या असतात तसले. मामांचं पॅनल पडलं होतं. चिन्ह होतं छत्री.

"ह्येचं कर की," मामा म्हणाले. "पाच वर्सं ह्येला कुनी इचारनार न्हाई."

सनपॅक पाण्यानं भिजत नाही, आपटलं तर मोडत नाही, आणि त्याच्या नळीत सायकलीची तार सरकवली की पंख ताठ राहतो. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो. गोंदाच्या कांड्या वितळवायला वीज नसायची, म्हणून मामीच्या चुलीवर चाकू तापवायचा आणि त्यानं कांडी फासायची. मामी म्हणाली, माझ्या चाकूला रामराम म्हणा आता. जळक्या गोंदाचा आणि आंबट दुधाचा मिळून एक वास त्या खोलीत भरून राहिला, तो दारं उघडी टाकली तरी जात नव्हता. उजव्या पंखावर छत्री आली, तीही उलटी. डाव्या पंखावर 'प्रचंड बहुमताने'मधलं प्रचंड आलं. एका उमेदवाराचं कपाळ शेपटीवर गेलं. विमानाचं नाव ठेवायची वेळच आली नाही, ते आधीच लिहिलेलं होतं.

आता उडवायचं कुठं? गावाच्या एका बाजूला माळ, सगळा दगडगोटा. दुसऱ्या बाजूला नांगरून टाकलेली रानं, ढेकळं नारळाएवढी. पांदीच्या वाटेला विजेच्या तारा, शाळेपुढं लिंबं. विमान पोटावर उतरायचं, त्याला चाकं नव्हती, म्हणजे जागा सपाट आणि मऊ हवी. अशी एकच जागा होती, पाझर तलाव. त्यात टिपूस नव्हता. ट्रॅक्टरवाल्यांनी वरचा गाळ शेतात टाकायला नेला होता आणि मधोमध चांगली दोन-चार एकर पट्टी सुटली होती, पाटावर कणीक पसरावी तशी. पायाखाली शिंपल्या मोडायच्या. कडेला शेवाळ वाळून त्याचे पापड झाले होते, त्यांचा वास मासळीसारखा. मी त्या तळाशी उभी राहिले की बांध डोक्याच्या वर दिसायचा. दर वर्षी इथं दोन पुरुष पाणी असतं, आणि आपण त्याच्या तळाला उभे आहोत, हे मनात यायचंच.

पण विमान काही उडायचं नाही. महिनाभर ते नुसतं आपटत होतं. मामा पळत जाऊन फेकायचे, ते नाक वर करायचं, मग नांगरासारखं जमिनीत घुसायचं. शेपूट जड होती. मामांनी ते दोन बोटांवर तोललं आणि नाकात सोसायटीच्या यंत्राचे जुने नटबोल्ट भरले, मग ते सरळ जायला लागलं. पण सरळ गेलेलं माघारी आणता येईना. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. मला भौतिकशास्त्र येत होतं, पण हाताला येत नव्हतं. पंख डावीकडं पडला की मी उलट्याच बाजूला काडी ढकलायची, आणि खेळ खलास.

एका दुपारी आपटलेल्या प्रचंडातनं माती काढता काढता मामांनी विचारलं, पंख पडतो तेव्हा तुला कोणत्या बाजूला पडताना दिसतो? म्हटलं, समोर येताना दिसतो तो माझ्या उजव्या हाताला. मामा म्हणाले, "मंग उजवीकडंच लाव की काडी. गाडी जिकडं कलंडती तिकडंच टेकू लावत्यात, माय. डावं-उजवं कावून मोजतीस?"

बस्स. एवढंच होतं. पुढं मी या विषयावर पुष्कळ वाचलं आणि शहाण्या लोकांनीही हेच सांगितलेलं दिसलं, पण बैलगाडीचा टेकू कुणाला सुचला नव्हता. फक्त ते कळलं त्याच दिवशी आमचा पुढचा पंखा मोडला, शेवटचा. नवा पुण्याहून मागवला. तो एस.टी.च्या पार्सलनं सिरसाळ्याच्या स्टँडवर येणार होता, कधी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि मिरग लागला.

रोज दुपारी बालाघाटाच्या अंगाला ढग जमायचे. मामी चुलीपुढनं उठून अंगणात यायची, पदर सावरून हात जोडायची. मीही तिच्याशेजारी उभी राहायची, आणि मला भीती वाटायची. एक मोठा पाऊस झाला असता तर डोंगराचं पाणी पहिलं तलावात आलं असतं आणि आमचा तळ गेला असता. पंखा आला नव्हता. प्रचंड अजून एकदाही माघारी फिरून माझ्यापर्यंत आलं नव्हतं. पाऊस येऊ नये, असं मी म्हणत होते. मोठ्यानं नाही, पण म्हणत होते, रोज, आई छावणीत ताडपत्रीखाली झोपत असताना. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण खोटं कशाला लिहू?

गावानं देव पाण्यात घालायचं ठरवलं. एखादी गोष्ट फार हवी असली की आपण म्हणतो, अमका देव पाण्यात घालून बसलाय. आमच्याकडं ते खरोखर करतात. महादेवाचा गाभारा चार पायऱ्या खोल, पुरुषभर लांबरुंद. पाणी निघून जायचं भोक चिंध्या आणि मातीनं बुजवायचं आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. पिंड मात्र पूर्ण बुडाली पाहिजे. टँकर एक दिवसाआड यायचा, त्यातलं घरटी एक कळशी द्यायचं ठरलं. शिवाय पल्याडच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी सोसायटीच्या कॅनमधनं आणायची जबाबदारी मामांवर आली.

आमच्या घरची कळशी माझ्या कमरेवर होती. देवळाच्या मागं शेळ्यांची दगडी डोण आहे. रांग पुढं सरकत होती, आत घंटा वाजत होती, हर हर महादेव चाललं होतं. मी रांगेतनं निघाले, मागं गेले, कळशी डोणीत ओतली आणि परत येऊन रांगेला लागले. शेळ्या धावत आल्या. माझी पाळी आली तेव्हा अंधाऱ्या गाभाऱ्यावर मी रिकामी कळशी तिरपी केली. मागचीनं ढकललं, मी बाजूला झाले, संपलं.

शेवटी गुरवानं आत हात घालून बघितलं आणि सांगितलं, चार बोटं उघडी राहिली. कुणीतरी म्हणालं, परवाच्या टँकरला पुरं करू. परवा टँकर आला नाही. मग ते तसंच राहिलं.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते, मला गणित येत होतं. तेवढ्या गाभाऱ्यात माझ्या कळशीचं फार तर अर्धं बोट पाणी झालं असतं. बाकीची साडेतीन बोटं कुठं गेली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण गुन्हा आपलाच म्हणायची घाई झाली की माणूस गणित तपासत नाही. त्या दिवसापासून ती चारही बोटं माझ्या नावावर होती.

पंखा आला. ढग रोज यायचे आणि रोज जायचे. मृग कोरडा गेला, आणि आम्ही सकाळी वारा उठायच्या आत तलावात जायला लागलो.

तो दिवस सांगायला फारसं काही नाही. मामांनी फेकलं, मोटार मिक्सरसारखी ओरडली, प्रचंड वर गेलं आणि वरच राहिलं. बांधाच्या उंचीला आलं, बांधाच्या वर गेलं, त्याच्यावर ऊन पडलं. मी काडी हळू लोटली आणि ते वळलं, आणि तोंड करून माझ्याकडं यायला लागलं. पंख पडला. मामा मागनं हळूच म्हणाले, टेकू. मी टेकू लावला. ते सरळ झालं, माझ्या डोक्यावरनं गेलं आणि मला खालनं उलटी छत्री दिसली, निळ्यावर पांढरी, वर सगळं मोकळं आभाळ. मी इतकी खूश त्याआधी कधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेली नाही. लग्नातही नाही, नोकरीचा कागद हातात आला तेव्हाही नाही.

मग मी रिमोट मामांच्या हातात दिला. वीस वर्षं काचेच्या नळीत दूध मोजणारे हात, ते अजिबात हलले नाहीत. मामांनी बांधाला धरून दोन पूर्ण फेऱ्या मारल्या, खालचा ओठ दातात धरून. उतरवलंही त्यांनीच. शिंपल्यांवरनं खरखर घसरत ते पायाशी येऊन थांबलं तेव्हा म्हणाले, पॅनल पडलं, पण छत्री वर गेली. आणि हसत सुटले. मामांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत आम्ही मधूनमधून हसतच होतो.

नंतरचे आठ-नऊ दिवस आम्ही रोज उडवलं.

मग एका सकाळी छावणीचा फोन सोसायटीत आला. मामांनी घेतला. मी खाली बसून शेपटीची तार वाकवत होते. मामा नुसते हं, हं म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं की आपला धाकटा बैल गेला, मोऱ्या. काही दिवस खात नव्हता. आई रडतेय, दादा दावणीपाशीच बसून आहेत. एवढं सांगून मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या सकाळनंतर त्यांनी रिमोटला हात लावला नाही. कधीच नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, त्यांना कळलंय. डोण ओली दिसली असेल, कुणी पाहिलं असेल, सांगितलं असेल. मामा बोलत नाहीत ही त्यांची भलाई, असं मी धरून चालले.

त्यानंतर चौथ्या दिवशी पाऊस आला. दोन आठवड्यांत तलावाची आमची पट्टी बुडाली. आई-दादा घरी परतले, एक बैल घेऊन. एका बैलाचं काय करायचं असतं? तो दादांनी विकला आणि पुढच्या वर्षापासून घरात बैलच राहिले नाहीत. मी बी.एस्सी. झाले, पुढं शिकले, आता पुण्यात शिकवते. प्रचंडाची मोटार, बॅटरी कुठं गेली आठवत नाही. दूध सोसायटीही आता नाही. त्या खोलीत पिठाची गिरणी आहे, तरी कोपऱ्यात उभं राहिलं तर मला आंबट वास येतो. मला एकटीलाच येतो म्हणे.

काल संध्याकाळी मामांना घेऊन तलावावर गेले. गुडघ्यामुळं ते बांधावर चढत नाहीत एरवी, मीच हाताला धरून नेलं. तलाव काठोकाठ होता. पाणकोंबड्या पोहत होत्या, नेमक्या तिथंच, जिथं मामा पळत येऊन फेकायचे. आम्ही बांधाच्या दगडांवर बसलो. बारा वर्षं झाली. मामांचे डोळे आता अधू आहेत, समोर पाणी आहे एवढं त्यांना चमकण्यावरनं कळतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. ठाऊक असलेल्या माणसाला सांगायला काय जातं?

"मामा, त्या वर्षी महादेवाला पाणी घातलं ना, तेव्हा माझी कळशी रिकामी होती. मी शेळ्यांना ओतली."

मामा चपापले. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं, आणि तेव्हा मला कळलं की त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"किती उघडी राह्यलती पिंड?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं."

"तुज्या कळशीचं किती झालं आसतं?"

"अर्धं."

मामा परत पाण्याकडं वळले. "बाकी माझी हायत," ते म्हणाले. "दोन कॅन मागंच ठिवलते मी. झाकन लावून, पोत्याखाली. मला वाटायचं तुला ठाव हाय. बैल गेला त्या दिशी तू माज्याकडं तसंच बगितलंतं."

माझ्या तोंडात आमच्याकडचाच शब्द आला. "कावून, मामा?"

"मला बी एक खेप इमान उडवायचं व्हतं, माय."

अंधार पडायला लागला होता. मामी वाट बघत असेल, उठायला हवं होतं. मी त्यांना विचारलं, त्या दोन कॅनमधल्या पाण्याचं पुढं काय केलं.

"काय करनार? प्यायला हात हुईना. पाऊस आला त्या दिशी न्हेऊन वतलं पिंडीवर," मामा म्हणाले. "तवर देव भिजलाता."